एका गुणाने शील्ड गेली: साल्ट लेकची शेवटची रात्र (मुंबई सिटी वि. मोहन बागान, आयएसएल २०२३-२४)

अंधेरी_पूर्व_स्टँड | १५ एप्रिल २०२४, रात्री ११:४८

कोलकात्याच्या साल्ट लेक स्टेडियममधला निकाल सगळ्यांना कळलाच असेल. मोहन बागान २, मुंबई सिटी १. गुणतक्त्यात ते ४८, आपण ४७. २२ सामन्यांची इंडियन सुपर लीग (आयएसएल), फरक एका गुणाचा, आणि साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळणारी शील्ड त्यांची.

ज्यांना बघायला जमलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आज मैदानात उतरताना आपण ४७ वर होतो, ते ४५ वर. आपल्याला बरोबरी पुरत होती, त्यांना जिंकल्यावाचून गत्यंतर नव्हतं. २८व्या मिनिटाला बागानचा लिस्टन कुलासो डावीकडून आत आला आणि लांबच्या कोपऱ्यात गोल मारला. आपला गोलकीपर लाचेन्पाला काही करता येण्यासारखं नव्हतं. ८०व्या मिनिटाला कमिंग्सने दुसरा मारला, तेव्हा सगळं संपल्यासारखं वाटलं. पण ८९व्या मिनिटाला आपल्या छांगतेने एक परत केला, त्यांचा हॅमिल लाल कार्ड घेऊन बाहेर गेला आणि शेवटची काही मिनिटं अशी आली की एक गोल पडला असता तर शील्ड आपली होती. तो पडला नाही.

माझं दुःख हरण्याचं कमी आहे. बागान चांगला खेळला, ६१ हजारांहून जास्त लोक त्यांच्या पाठीशी होते, जिंकले ते हक्काने जिंकले. मला लागलंय ते हे की आपण बरोबरी राखायला उतरलो. अख्खा मोसम हा संघ पुढे जाऊन खेळला. सप्टेंबरपासून चेंडू पायात ठेवून, समोरच्याला पळवून गुण मिळवले. नोव्हेंबरात प्रशिक्षक डेस बकिंगहॅम ऑक्सफर्डला गेला, जानेवारीत ग्रेग स्ट्युअर्ट गेला, तरी नव्या प्रशिक्षकाने, क्रॅटकीने, हा संघ पहिल्या क्रमांकावर आणून ठेवला. आणि शेवटच्या दिवशी पहिला अर्धा तास आपण घड्याळाकडे बघत खेळलो. गोल खाल्ल्यावर धावणारा संघ गोल खाण्याआधी का धावला नाही?

सगळ्यांनी लिहा. मुंबईवाले, गोवेकर, बागानवाले, सगळे.

कोलकात्याची_मराठी | १६ एप्रिल, रात्री १२:३५

मी तिथे होते, आत्ताच घरी पोचले. आवाज बसलाय, म्हणून टाइप करतेय.

दादा, तुमचं दुःख कळतं, पण इकडची बाजूही ऐका. गेल्या चार मोसमांत बागानवर शेवटच्या दिवशी शील्डसाठी खेळायची ही तिसरी वेळ होती. २८ फेब्रुवारी २०२१ ला गोव्यात बांबोळीत रिकाम्या स्टेडियममध्ये याच मुंबईने २-० ने हरवलं. फॉलचा सातव्या मिनिटाला हेडर, नंतर ओगबेचे. गुण दोघांचे ४० आणि परस्परांतल्या दोन्ही लढती मुंबईने जिंकलेल्या, म्हणून शील्ड तुमची. पुढच्याच मोसमात ७ मार्च २०२२ ला जमशेदपूरने १-० ने हरवून शील्ड नेली. दोन्ही वेळा शेवटचा सामना आणि दोन्ही वेळा समोरच्याचा जल्लोष बघत बाहेर पडणं.

आणि २०२१ मध्ये बागानच्या बाकावर कोण होतं? आंतोनियो हाबास. यंदा जानेवारीत फेरांदोला काढून त्यांनाच परत आणलं. तोच प्रशिक्षक, तोच प्रतिस्पर्धी, तोच शेवटचा दिवस. माझ्या शेजारी बसलेले काका शिटी वाजल्यावर कितीतरी वेळ उठलेच नाहीत. त्यांच्या घरात तीन पिढ्या हिरवा-मरून झेंडा आहे.

३१ मार्चला याच मैदानावर चेन्नईयिनने ३-२ ने हरवलं तेव्हा इथे सगळ्यांनी शील्ड सोडून दिली होती. त्यानंतर पंजाबविरुद्ध १-०, बंगळूरुत जाऊन ४-०, आणि आजचा. तीन सामने, तीनही जिंकायलाच हवे होते.

तालमीचा_पोरगा_कोल्हापूर | १६ एप्रिल, रात्री १२:५८

ताई, लई भारी लिवलंय. ६१ हजार माणूस एका सामन्याला! आमच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लबची मॅच असली की जागा मिळत नाही, भिंतीवर बसतात लोक. ती गर्दी मी बघितलीय, म्हणून अंदाज येतो. पण ६१ हजार म्हणजे काय, हे अंगावर घेतल्याशिवाय कळायचं नाही.

अंधेरीवाल्या भावाला एक सांगतो. बरोबरी पुरते म्हटल्यावर पाय आपोआप जड होतात. प्रशिक्षकानं सांगावं लागत नाही. आमच्याकडं साखळीत शेवटच्या सामन्यात एक गुण हवा असलेला संघ मी कितीदा हरलेला बघितलाय. समोरच्याला एकच काम असतं, आपल्याला दोन: राखायचं पण आणि खेळायचं पण. क्रॅटकीला दोष देऊ नका.

मडगांवकर | १६ एप्रिल, सकाळी ७:२०

गोव्यातून नमस्कार. काल मी कोणाच्याच बाजूने नव्हतो, पण लिस्टनने गोल मारला तेव्हा आमच्या घरात सगळे उठून उभे राहिले. तो दवर्लीचा मुलगा. २०१७ च्या संतोष ट्रॉफीत उपांत्य फेरीत त्याने केरळविरुद्ध दोन गोल करून गोव्याला अंतिम फेरीत नेलं, तेव्हापासून इथे सगळे त्याला ओळखतात. एफसी गोवाने त्याला २०२० मध्ये हैदराबादला जाऊ दिलं. तेव्हा त्याला पुरेशी मिनिटं मिळत नव्हती, त्याचा निर्णय बरोबर होता. पण काल त्याला बघताना मला राग आणि अभिमान दोन्ही एकत्र येत होते.

डिसेंबरात अंधेरीत याच दोन संघांची लढत आठवा. २० डिसेंबर, सात लाल कार्डं. मुंबई २-१ ने जिंकली आणि लिस्टन कार्ड घेऊन बाहेर गेला होता. त्या रात्री त्याच्यावर किती टीका झाली! चार महिन्यांनी शील्डचा पहिला गोल त्याच्या पायातून आला. मला याचं फार बरं वाटलं.

आमचं म्हणाल तर १४ तारखेला फातोर्ड्यात चेन्नईयिनला ४-१ ने हरवून ४५ गुणांवर तिसरे आलो. तिसरा क्रमांक जवळजवळ नक्की होता, त्यामुळे त्या सामन्यात जीव अडकला नव्हता. आमची शील्ड फेब्रुवारीत गेली. पहिल्या १२ सामन्यांत हार नाही, कोलकात्यात जाऊन बागानला ४-१ ने हरवलेलं. मग घरच्या फातोर्ड्यात बागानच्याच पेत्रातोसच्या एका गोलने हरलो, आणि कोचीत केरळ ब्लास्टर्सविरुद्ध २-० ने पुढे असताना ४-२ ने हरलो. त्या दोन सामन्यांतले सहा गुण कालच्या तक्त्यात घालून बघा. म्हणून मला कोणी म्हणालं की शील्ड शेवटच्या दिवशी ठरली, तर पटत नाही. ती २२ दिवशी थोडी थोडी ठरते. शेवटचा दिवस फक्त सगळ्यांना दिसतो.

नवखी_प्रेक्षक | १६ एप्रिल, सकाळी ९:०५

माझा पहिलाच मोसम. भावामुळे बघायला लागले आणि आता सोडवत नाही. एक विचारू का? काल एवढं सगळं झालं, ट्रॉफी उचलली, आणि तरी प्लेऑफ आहेतच. मग विजेता कोण? काल जिंकलेला की अजून व्हायचा आहे तो?

बालेवाडी_ब्लॉक | १६ एप्रिल, सकाळी १०:१२

@नवखी_प्रेक्षक, प्रश्न अगदी मुळावरचा आहे.

यंदा साखळीत १२ संघ, प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर, म्हणजे २२ सामने. सगळ्यांत जास्त गुण त्याला शील्ड. ही शील्ड २०१९-२० पासून सुरू झाली आणि पहिली एफसी गोवाने घेतली. त्यानंतर पहिले सहा संघ प्लेऑफला जातात. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, तिसरा ते सहावा आधी एकेक बाद सामना खेळतात. अंतिम सामना जिंकणाऱ्याला कप, आणि लीगच्या कागदोपत्री विजेता तोच.

पण आशियाचं दार शील्ड उघडते, कप नाही. काल बागानला एएफसी चॅम्पियन्स लीग टूची जागा मिळाली. मुंबईने आता कप जिंकला तरी त्या कपमुळे आशियात जागा मिळणार नाही. दुसरी जागा सुपर कप जिंकलेल्या ईस्ट बंगालला, तीही पात्रता फेरीतून.

हे मला इतकं का लागतं ते सांगतो. गेल्या वर्षी ६ नोव्हेंबरला सौदीचा अल हिलाल आमच्या बालेवाडीत आला होता. नेमार जखमी होता म्हणून आला नाही, तरी स्टेडियममध्ये जो माहोल होता तो पुण्यात फुटबॉलला मी कधी पाहिला नव्हता. आपण ०-२ ने हरलो. गटातले सगळेच सामने हरलो. पण माझा पुतण्या त्या रात्रीनंतर क्रिकेटच्या कोचिंगऐवजी फुटबॉलच्या कोचिंगला जायला लागला. आशियातले मोठे संघ आपल्या गावात येतात ते शील्डमुळे. ४६ गुण आणि सलग १८ सामने न हरता मिळवलेल्या शील्डमुळे (आणि मग मंजेरीत जमशेदपूरला प्लेऑफमध्ये ३-१ ने हरवल्यामुळे) ती रात्र पुण्याला मिळाली. काल गेली ती तशी पुढची रात्र.

वांद्रे_रेक्लमेशन | १६ एप्रिल, दुपारी १:४०

बरोबर बोललात. पण धागाकर्त्याशी माझा थोडा मतभेद आहे.

आपण बरोबरीसाठी खेळलो हे मला दिसलं नाही. मला दिसलं ते हे की पेत्रातोसला आपण मधल्या पट्ट्यात मोकळा सोडला. दोन्ही गोलांच्या आधी चेंडू त्याच्याकडे होता. आपले मिडफिल्डर व्हॅन नीफ आणि अपुइया पुढे सरकले की त्यांच्या मागे जी जागा राहते तिथे तो दिवसभर उभा होता. हा डावपेचाचा प्रश्न आहे, धाडसाचा नाही. दुसऱ्या गोलच्या वेळी तर आपण बरोबरीच्या गोलसाठी वर गेलेलो होतो आणि मागे कमिंग्सला मोकळं मैदान मिळालं. म्हणजे धावलो म्हणूनच तो गोल खाल्ला.

आणि राहुल भेकेला कोणी बोलू नका. मुंबईचा मुलगा, मुंबईचा कप्तान, आणि काल शेवटच्या मिनिटांत सेंटर-बॅक असून पुढे जाऊन हेडरसाठी उडी मारत होता.

अंधेरी_पूर्व_स्टँड | १६ एप्रिल, दुपारी २:२५

@वांद्रे_रेक्लमेशन, पेत्रातोसचा मुद्दा मान्य. त्याच्यावर एक माणूस कायमचा लावायला हवा होता. पण बघ, तू म्हणतोस ते दुसऱ्या सत्रातलं. पहिल्या अर्ध्या तासाबद्दल माझं मत कायम आहे. बिपिन आणि विक्रम प्रताप या दोघांना धावायला जागा मिळावी असा एकही पास आपण तेव्हा दिला नाही. बागानचे दोन्ही बॅक पुढे चढत होते, मागे मैदान पडलेलं होतं.

भेकेबद्दल एक शब्द वावगा काढणार नाही.

जुना_कूपरेज | १६ एप्रिल, सायंकाळी ५:५०

लिहू की नको असं करत होतो. पण एका गुणाचा विषय निघाला, तर राहवत नाही.

३० एप्रिल २०१७. आय-लीगचा, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या मुख्य लीगचा, शेवटचा दिवस. आयझॉलला शिलाँगमध्ये लाजोंगविरुद्ध बरोबरी पुरत होती. त्याच वेळी कोलकात्यात मोहन बागान चेन्नई सिटीशी खेळत होता. आयझॉल आधी मागे पडला, मग ६७व्या मिनिटाला १-१ केलं आणि तेवढं धरून ठेवलं. बागान २-१ ने जिंकला, तरी शेवटी आयझॉल ३७, बागान ३६. एक गुण. आधीच्या मोसमात गुणतक्त्यानुसार खाली गेलेला संघ, ज्याला परत घेतलं गेलं, तो देशाचा विजेता झाला.

त्या संघाचा प्रशिक्षक खालिद जमील. वर्षानुवर्षं कूपरेजवर मुंबई एफसी सांभाळणारा. इथून त्याला जावं लागलं आणि पहिल्याच वर्षी त्याने मिझोरमच्या संघाला जिंकवलं. आणि त्याच मोसमात आमची मुंबई एफसी तळाला गेली, खालच्या गटात ढकलली गेली आणि मग बंदच झाली. एकाच मोसमाच्या शेवटी मी ही दोन्ही दृश्यं पाहिली. सिटीवर जीव लावायला मला त्यानंतर वेळ लागला, हे खरं आहे. आता लावलाय.

त्या आयझॉलमध्ये आपला जयेश राणे होता. तोच जयेश आज सिटीत आहे. अख्ख्या मोसमानंतर एका गुणाने वर राहणं आणि एका गुणाने खाली राहणं, दोन्ही त्याला ठाऊक झालं.

आणि बागानच्या ताई, ३१ मे २०१५ विसरू नका. बंगळूरुत तुम्हाला बरोबरी पुरत होती, तुम्ही ०-१ ने मागे होता आणि ८७व्या मिनिटाला बेलो रझाकचा हेडर. शेवटच्या दिवशी तुम्ही फक्त हरलेला नाहीत.

कोलकात्याची_मराठी | १६ एप्रिल, रात्री ८:१५

काका, २०१५ चा तो कॉर्नर सोनी नोर्देचा होता. इथे तो गोल लोक अजून मिनिटासकट सांगतात. आयझॉलचा दिवसही मला नीट आठवतो. आमच्या घरात त्या दिवशी दोन टीव्ही लावले होते, एकावर कोलकात्याचं रवींद्र सरोवर आणि एकावर शिलाँग. दोन्ही सामने एकाच वेळी असण्यात जी मजा आहे ती आता हरवली. काल फक्त एकच सामना होता, सोमवारी, एकटा. बाकी सगळ्यांचे आधीच आटोपलेले. शेवटच्या फेरीचे सगळे सामने एकाच वेळी झाले पाहिजेत. सहाव्या जागेचंच घ्या. चेन्नईयिनने ९ तारखेला आपलं काम केलं आणि ईस्ट बंगाल १० तारखेला, चेन्नईयिनचा निकाल समोर ठेवून, पंजाबशी खेळला. ४-१ ने हरला तो खराब खेळल्यामुळेच, पण एकाच वेळी खेळले असते तर त्या नव्वद मिनिटांना वेगळीच धार आली असती.

मडगांवकर | १६ एप्रिल, रात्री ९:०२

याला माझं पूर्ण अनुमोदन. टीव्हीवर वेगवेगळ्या दिवशी दाखवलं की प्रेक्षक जास्त मिळतात हे कळतं. पण फुटबॉलचा शेवटचा दिवस म्हणजे दुसऱ्या मैदानावर काय चाललंय हे गॅलरीत कानोकान पसरणं. ट्रान्झिस्टरवर ऐकणारा एक माणूस आणि त्याच्याभोवती पन्नास जण, असा फातोर्डा मी बघितलाय.

आमचा प्लेऑफमध्ये २० तारखेला पुन्हा चेन्नईयिनशीच सामना, त्याच मैदानावर. सहा दिवसांत दुसऱ्यांदा. येणाऱ्यांनी या, भेटू.

तालमीचा_पोरगा_कोल्हापूर | २५ एप्रिल, रात्री १२:१०

धागा वर काढतोय. काल फातोर्ड्यात उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात काय झालं ते बघितलं का कुणी? ९० मिनिटांपर्यंत गोवा २-०. आणि मग छांगते, विक्रम प्रताप, परत छांगते. मुंबई ३-२! शील्डच्या सामन्यात जे आलंच नाही ते इथं वेळेत आलं. मडगांवकर दादा, तुमच्यासाठी वाईट वाटतंय, मनापासून सांगतो.

मडगांवकर | २५ एप्रिल, सकाळी ८:३०

रात्रभर झोप नाही. बोरिस आणि ब्रँडनचे गोल किती सुंदर होते हे आता कोणी आठवणार नाही. आम्ही ८५ मिनिटं ज्या पद्धतीने खेळलो ते आमच्या प्रशिक्षकाने, मनोलोने, या मोसमात घडवलेलं फुटबॉल होतं. २९ ला परतीच्या सामन्याला अंधेरीत येतोय. दोघे-तिघे असू, नारंगी जर्सीत. संघाला आवाज द्यायला येतोय.

अंधेरी_पूर्व_स्टँड | २५ एप्रिल, सकाळी ९:१५

नक्की या. सामन्याआधी स्टेडियमच्या गेटवर भेटू, चहा माझ्याकडून.

कोलकात्याची_मराठी | ५ मे, रात्री १२:४०

पुन्हा तेच मैदान, पुन्हा ६२ हजार, पुन्हा तेच दोन संघ. अंतिम सामना. कमिंग्सने मध्यंतराच्या तोंडावर गोल केला तेव्हा वाटलं शील्ड आणि कप दोन्ही. मग दियाझ, बिपिन आणि शेवटी वोइतुस. मुंबई ३-१.

अभिनंदन दादा. भेके कप उचलायला गेला तेव्हा निम्मं स्टेडियम रिकामं झालं होतं, पण जे थांबले होते त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी थांबले होते. यावेळी तुमचा संघ पहिल्या मिनिटापासून खेळायला आला होता. तुम्ही १५ तारखेला जे लिहिलं होतं ते मला बघताना सारखं आठवत होतं.

नवखी_प्रेक्षक | ५ मे, सकाळी ९:३०

मग आता सांगा. शील्ड आणि कप यांतलं एकच मिळणार असतं, तर काय निवडलं असतं?

अंधेरी_पूर्व_स्टँड | ५ मे, सकाळी ११:०५

काल रात्री मी जेवढा आनंदलो तेवढा २०२१ च्या बिपिनच्या ९०व्या मिनिटाच्या गोलनंतर आनंदलो नव्हतो. तेव्हा स्टेडियम रिकामं होतं, काल ६२ हजारांसमोर जिंकलो. आपल्या वेस्ट कोस्ट ब्रिगेड या चाहत्यांच्या गटाची मोजकी मंडळी एका कोपऱ्यात होती आणि टीव्हीवर त्यांचा आवाज ऐकू येत होता. हा कप मी कधीच कमी लेखणार नाही.

तरी विचारलंस म्हणून सांगतो: शील्ड. कप तीन सामन्यांत मिळतो, शील्डला सप्टेंबर ते एप्रिल लागतो. पावसातले, थंडीतले, जमशेदपूरचे, गुवाहाटीचे, प्रवासाने पाय दुखत असताना खेळलेले सगळे सामने तिच्यात मोजले जातात. आणि पुढच्या वर्षी आशियात बागान जाईल, आपण टीव्हीवर बघू. बालेवाडीवाल्याच्या पुतण्यासारखी कितीतरी मुलं असतील ज्यांना ती एक रात्र हवी होती.

वांद्रे_रेक्लमेशन | ५ मे, सकाळी ११:२०

मी कप घेईन. शील्डच्या सामन्यात हरलेल्याच मैदानावर, त्याच संघाला, वीस दिवसांच्या आत, मागे पडूनही हरवणं. आणि यावेळी पेत्रातोसला मधल्या पट्ट्यात जागा दिली नाही, ते बघितलंस का? दुसऱ्या सत्रात अपुइया कुठे उभा होता ते परत लावून बघ, मग बोलू.